आतला पदर

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमागे, जिथे मिठागराची जमीन
अजून पायाखाली थोडी हलते,
टेमकरांनी गाडी लावली आणि खाली न उतरताच म्हणाले,
हुसेनभाई, चढावर मरते ही.

सव्वीस वर्षांची गाडी. कपाळावर 'मालन' लिहिलेलं,
त्यातला ल दोनदा रंगवलेला.
मोकळी असली की पळते. बारा टन भरले
की मानखुर्दच्या पुलावर मागच्या रिक्षांचे दिवे
धुरात दिसेनासे होतात.
पनवेलला पंप खोलला, भिवंडीत टर्बो बदलला,
एकोणतीस हजार गेले, धूर तिथेच.

हुसेन मुजावर आधी पाना उचलत नाही.
सोयरिकीला आल्यासारखी चौकशी करतो.
कधीपासून? थंड असताना की तापल्यावर?
पाणी पिते? ऑइल पिते?
मग मला म्हणतो, दे रेस.

मी पाय दाबला. मागून तो ओरडला, काळा!
निळा असता तर रिंगा गेल्या, घर गहाण टाका.
पांढरा असता तर हेड उतरवा.
काळा म्हणजे ताटात भरपूर,
आणि श्वास घ्यायला जागा नाही.

सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून
त्याने वारा तोलला. बाहेरची वाट मोकळी.
नोझलच्या पाइपांचे नट एकेक सैल केले,
पहिला, इंजिन लंगडलं. दुसरा, लंगडलं.
सहाच्या सहा. म्हणजे सगळे कामावर हजर.
लांब पेचकस पंपावर टेकवून मूठ कानाशी नेली.
पंपाचं काही गाऱ्हाणं नव्हतं.
फिल्टर उन्हाकडे धरला, पलीकडून ऊन आलं.

जेवायच्या वेळी वारा माहुलकडून वळला,
त्याच वासात डबे उघडले.
वरून मोनोरेल गेली, तीन माणसं घेऊन.
एजंट डोकावला. पीयूसीचा कागदच हवाय ना,
गाडी आणायचीसुद्धा गरज नाही, शेठ.
टेमकरांचा हात खिशात गेला.
हुसेन काही बोलला नाही,
फक्त पाना खाली ठेवला, आवाज होईल असा.
हात बराच वेळ खिशातच राहिला.

चारच्या सुमाराला तो म्हणाला, आता सोडू नको, दाबून धर.
आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज
मुठीत घेऊन नुसता बसला,
डोळे मिटून.
मुठीत होज दचकला.

सोडवून काढला. बाहेरून चीर नाही, भेग नाही,
फडकं मारलं तर नव्यासारखा.
मला म्हणाला, बोट घाल.
आतला पदर सुटला होता.
इंजिन शांत असलं की भिंतीला चिकटून निमूट,
ओढ लागली की मिटायचा, वाटच बंद.
सगळे तपासतात उभी गाडी, हुसेन म्हणाला,
उभ्या गाडीला कुठला दम लागतो?

नवा होज कुर्ल्याहून आणला, साडेअकराशे.
मजुरीचं त्याने बोटांनी सांगितलं, मला दिसेल असं नाही.

रात्री अकराला फरशी भरून मीही बसलो केबिनमध्ये,
चढावर बघून ये म्हणून.
पूल लागला. टेमकरांनी गिअर टाकला
आणि जबडा आवळून वाट बघितली.
काही झालं नाही. गाडी चढत राहिली.

अर्ध्यावर ते बोलले, रस्त्याशीच,
हिचेही कागद चांगले यायचे, मालनचे.
टेबलावर झोपवून काढायचे ना.
आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
जिन्याचं कुणी विचारलंच नाही.

मी 'हो' म्हणालो की नाही, आठवत नाही.
जुना होज त्यांनी सीटमागे ठेवला होता,
वर्तमानपत्रात गुंडाळून.

पुलाच्या माथ्यावर आरशात बघितलं.
मागे रिक्षांचे दिवे, तीन, स्वच्छ,
आणि दिवा न लावताच येणारी
चौथीसुद्धा.